डागासारखं काहीतरी

मास्तरीण हे तिचं खरं नाव नव्हतं. शाळेत असताना तिने थोरल्या भावाचा निबंध तपासून त्यावर लाल शाईने शेरा मारला होता, तेव्हा दादाने तिला ते नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. पुढे ती खरोखरच कॉलेजात शिकवू लागली. विषय असा, की सांगितल्यावर माणूस क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राही: जुन्या काळच्या इस्रायली लोकांचे धर्माचे कायदे, आणि त्यांच्या शेजारीपाजारी राहणाऱ्यांच्या रीतीभाती समोर ठेवून ते कायदे समजून घेणं. "म्हणजे वकिलीच ना?" असं आई अजूनही विचारी, आणि मास्तरीण अजूनही हो म्हणून मोकळी होई.

तिला एक खोड होती. घरात दूध उतू जावो की छताला पाल चिकटलेली दिसो, तिच्याकडे तीन हजार वर्षांपूर्वीचा दाखला तयार. दादा तिला मुद्दाम छेडून बोलतं करी आणि मग हसत बसे. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. भिंतीवर तबकड्या टांगलेल्या, टेबलावर वजनांच्या पेट्या, आणि स्क्रू ठेवायला कान तुटलेला एक चहाचा कप. मागे आईची खोली, स्वयंपाकघर, आणि त्याला लागून दादा-वहिनीची खोली.

त्या खोलीच्या भिंतीवर पहिल्यांदा डाग आला तेव्हा मास्तरीण सुट्टीला घरी आली होती. तळहाताएवढा, हिरवट, भिंतीत किंचित आत गेलेला. दादा रंगाचा डबा घेऊन आला होता. चहा पिता पिता त्याने विचारलं, "काय गं मास्तरीण, तुझी माणसं याला काय म्हणतात?"

झालं. मास्तरणीने कप खाली ठेवला आणि वर्गात लावायची ती आवाजाची पट्टी लावली. माझी माणसं नव्हेत, म्हणाली, त्यांचे शेजारी, दोन नद्यांच्या मधल्या मुलखातले. ते मातीच्या पाट्यांवर शकुन लिहून ठेवायचे, आणि घराच्या भिंतीवर येणाऱ्या बुरशीवर त्यांनी पाटीच्या पाटी भरली आहे. रंग कोणता, भिंत कोणती, त्यावरून घरातलं कोण जाणार ते ठरलेलं. एका भिंतीवर आली तर घरधनीण जायची. उत्तरेच्या भिंतीवर आली की घरधनी गेलाच म्हणून समजा.

"ही उत्तरेचीच ना?" दादा भिंतीकडे बघत म्हणाला. "मग हा रंगाचा डबा परत करून येतो. कशाला उगाच खर्च."

वहिनी हसली, दादाला तर हसता हसता ठसका लागला. आई तेवढी हसली नाही. ती उठली आणि अर्धे भरलेले कप तसेच उचलून घेऊन गेली.

वर्ष सरायच्या आत दादा गेला. धान्याच्या एका गोदामात मोठ्या काट्याची फळी समतल करायला तो गुडघ्यांवर बसला होता. बघता बघता त्याने फळीवर डोकं टेकलं, आणि ते पुन्हा उचललं नाही. गोदामातली माणसं नंतर सांगत होती की काटा त्याच्या डोक्याच्या वजनावर जाऊन थांबला होता, आणि तो परत मागे यावा म्हणून ते किती तरी वेळ नुसते काट्याकडे बघत होते. मास्तरणीला ही हकीकत नको होती, पण एकदा ऐकलेलं कानातून काढून टाकता येत नाही.

रंगाखालून डाग पुन्हा आला. आईने माणूस बोलावून दुसरा रंग लावून घेतला, त्यातूनही आला, आणि प्रत्येक वेळी मोठा होऊन आला. वहिनी त्याच खोलीत, त्याच भिंतीशी खाट लावून झोपत होती आणि तिला खोकला धरला होता. डॉक्टरांनी छाती तपासून स्पष्ट सांगितलं की त्या खोलीत झोपायचं नाही, फुप्फुसं जातील. वहिनीने मान डोलावली, औषधं घेतली आणि पुन्हा त्याच खाटेवर जाऊन पडली. शेवटी आईने हात टेकले. तिने मास्तरणीला फोन केला आणि म्हणाली, "ये. ती बाहेर येत नाही, आणि डाग थांबत नाही."

मास्तरीण बसने आली ती दुपारची. दुकान बंदच होतं, पण दार लोटून ती आत गेली. तबकड्यांवर धूळ बसली होती. टेबलावरच्या एका काट्याची सुई शून्यावर नव्हती, थोडी पुढे होती, पारड्यात काहीही नसताना. दमट हवेने असं होतं हे तिला दादानेच शिकवलं होतं. तरी तिने पारड्यावर फुंकर मारून पाहिली. सुई हलली आणि पुन्हा तिथेच येऊन राहिली.

स्वयंपाकघरात आई भाजी चिरत होती. मास्तरणीच्या लक्षात आलं की भांड्यांचं कपाट भिंतीपासून पुढे ओढलेलं आहे, इतकं की मागे माणूस उभा राहील. ती भिंत म्हणजे पलीकडच्या खोलीची उत्तरेची भिंत. "माझ्या बाजूला काहीच येत नाही," आई म्हणाली. "घासूनसुद्धा बघितलं." मास्तरणीला वाटलं, चला, निदान एवढं तरी बरं आहे.

मग आईने मनातलं बाहेर काढलं. सून पांढऱ्या पायाची निघाली असं ती आता उघड म्हणत होती, शेजारणीलाही सांगून झालं होतं. तिला माहेरी पाठवून दे, तू सांगितलंस तर ऐकेल. घरधनी गेला, आता घरधनिणीची पाळी, असंच आहे ना तुझ्या त्या पाट्यांवर? मास्तरणीने जेवढं म्हणून ज्ञान होतं तेवढं ओतलं. ओल कशी चढते, बुरशी कशी वाढते, त्या लोकांना हे काहीच माहीत नव्हतं, पाट्यांवर वाटेल ते लिहिलेलं आहे. काळ्या बुरशीला तर ते शुभसुद्धा मानत. आईने सगळं ऐकून घेतलं. सुरी बाजूला ठेवली.

"हे सगळं तेव्हा माहीत होतं तुला?"

"होतं."

"मग सांगितलंस कशाला?"

खरं उत्तर इतकंच होतं की त्या गोष्टीला लोक हसतात. दरवर्षी वर्गात ती आधी बुरशीच्या शकुनांची गंमत सांगायची, मुलं हसायची, तास संपायचा. त्याच बुरशीबद्दल तिच्या माणसांनी पुढे काय कायदा केला, हा भाग ती दुसऱ्या दिवशी सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा असायचा. घरात तर तो दुसरा दिवस कधी उगवलाच नव्हता.

ती वहिनीच्या खोलीत गेली. खिडकी लावलेली, पडदा ओढलेला, हवा जड. वहिनी खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. वाळली होती पोर. खोकल्याची उबळ आली की दोन्ही हातांनी खाटेची कड धरायची.

"बस," ती म्हणाली. "तिथून नाही, जरा इकडे. इथून दिसतो."

मास्तरीण बसली आणि तिने पाहिलं. तिने दोन जुन्या भाषा शिकल्या होत्या आणि भुताखेतांच्या गोष्टींना ती तोंडावर हसत असे, पण तिच्या अंगावर सरसरून काटा आला. भिंतीत हिरवट-तांबूस रंगात एका माणसाची पाठ होती. रुंद पाठ, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. कुशीवर झोपलेल्या माणसाची असते तशी.

"असाच झोपायचा," वहिनी म्हणाली. "पाठ करून. किती भांडले असेन मी त्यावरून."

"वहिनी, बुरशी आहे ती."

"असेल. पण रोज थोडी सरकते. आधी नुसता खांदा होता, आता मान आलीय." ती खोकली, खोकला ओसरेपर्यंत थांबली. "तोंड वळवलं की येते मी बाहेर. तोपर्यंत मला उठवू नका."

मास्तरीण तिथून उठली ती थेट दुकानात जाऊन बसली, दादाच्या स्टुलावर. तिला भीती वाटत होती. वहिनी मरेल ही भीती होतीच, कारण वहिनी खरंच मरायला टेकली होती आणि भिंतीतला माणूस काही वळणार नव्हता. पण त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःलाच आता पाट्यांवरची पुढची ओळ आठवत होती आणि ती ओळ खोटी आहे असं छातीवर हात ठेवून सांगायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. ज्या लोकांनी त्या पाट्या भरल्या त्यांची भीती तिने आयुष्यभर शिकवली होती. ती अंगाला लागते कशी, हे तिला आज कळलं.

आणि तिथेच बसल्या बसल्या तिला उरलेली अर्धी गोष्ट आठवली. आठवली म्हणजे काय, पाठच होती. पण त्या शेजाऱ्यांमध्ये, त्या पाट्यांच्या मधोमध राहून ज्याने तो कायदा पहिल्यांदा सांगितला असेल, त्याच्या घरातही कुणीतरी असंच भिंतीकडे तोंड करून बसलं असेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

संध्याकाळी तिने आईला वहिनीच्या खोलीच्या उंबऱ्याशी आणून बसवलं, स्वतः मध्ये बसली आणि दोघींना सांगितलं. त्या दिवशी अर्धीच सांगितली होती, म्हणाली, आता पुढची ऐका. शेजारच्या मुलखात भिंत म्हणजे निरोप होता, घरातल्या कुणाच्या तरी नावचा. इस्रायली लोकांनाही डागाची भीती होती, थोडीथोडकी नाही. डाग देवानेच पाठवलेला, असंच त्यांचा कायदा म्हणतो. पण मग तो कायदा एक विलक्षण गोष्ट करतो. तो भिंतीकडे बघतो. रंग कोणता, खोल किती, पसरला की नाही. घरात कोण राहतं, कुणाचा पाय कसा, कुणी काय पाप केलं, यातलं एक अक्षर विचारत नाही. आजारी भिंत आहे. माणसं नाहीत. मागाहून आलेल्यांनी पाप शोधलंच म्हणा, माणसाला त्याशिवाय चैन कुठे पडतं; पण मुळात ते नाही.

"मग करतात काय?" आईने विचारलं.

घराच्या मालकाने जाऊन पुरोहिताला सांगायचं. डाग आला असं म्हणायचं नाही, मालक कितीही शहाणा असला तरी नाही. माझ्या घरात डागासारखं काहीतरी दिसतंय, एवढंच. मग पुरोहित बघायला यायच्या आधी घर रिकामं करायचं, कारण एकदा त्याने तोंडातून शब्द काढला की आतलं सगळं बाटलं. कायदाच सांगतो, आधी वस्तू बाहेर काढा. आणि गंमत अशी की धातूचं, लाकडाचं धुऊन चालायचं. धुता येत नाहीत ती फक्त मातीची भांडी. म्हणजे एवढी सगळी घाई कशासाठी, तर चार मडक्यांसाठी. मडक्यांची इतकी काळजी तर माणसांची केवढी असेल, असं तो कायदा वाचणारे पुढे म्हणत आले.

"आपण त्यांच्यातले नाही," आई म्हणाली.

"नाही. मीही कुणाची पुरोहित नाही. पण शकुन खरा धरताना आपण त्यांच्या शेजाऱ्यांतले तरी कुठे होतो?"

वहिनी भिंतीकडेच बघत होती. तिने फक्त एक प्रश्न विचारला, की खरवडून टाकतात का. मास्तरीण खोटं बोलली नाही. हो म्हणाली. दगड काढतात, गिलावा खरवडतात, ते सगळं गावाबाहेर नेऊन टाकतात आणि नवीन भिंत घालतात. घर काही दिवस बंद ठेवतात. पुन्हा आला तर घरच पाडतात. वहिनीने मान हलवली, होकार की नकार ते कळलं नाही.

दोन दिवसांनी गवंडी आला. मास्तरणीने क्रम थोडा उलटापालटा केला होता: आधी घर रिकामं करायचं, सांगायचं नंतर. विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर तिने गुण कापले असते. गवंडी पायरीवर चहा पीत बसला आणि दोघी मायलेकींनी घर बाहेर काढायला सुरुवात केली. गाद्या, पातेली, पिठाचे डबे, आईची देवाची पेटी, दादाच्या वजनांच्या पेट्या. काटे अंगणात ओळीने मांडले. वाऱ्याने सगळ्यांच्या सुया थरथरत होत्या. शेजारीण कुंपणावरून वाकून म्हणाली, घर सोडताय का? आई म्हणाली, "नाही, घराला बरं नाही."

सगळं बाहेर आलं; वहिनीच्या खोलीतलं मास्तरणीने एकटीने काढलं. वहिनीची खाटही ती बसलेली असतानाच उचलायची वेळ आली, तेव्हा ती उठली आणि भिंतीसमोर जमिनीवर जाऊन बसली. तिच्या हातात तो कान तुटलेला कप होता, स्क्रूंसकट. तो काही ती देईना. मास्तरीण तिच्यापाशी उकिडवी बसली, समजावलं, विनवलं, शेवटी रागावलीसुद्धा. वहिनी एकच म्हणत होती, आज उद्यात वळेल, मान आता पुरती आली आहे.

"घर कुणाच्या नावावर आहे?" मास्तरणीने बाहेर येऊन आईला विचारलं, विचारायची गरज नसताना.

"माझ्या."

"मग तुलाच सांगावं लागेल. आत जाऊन, बघून."

आईने तोंड वाकडं केलं, मला या वयात शब्द पढवतेस का म्हणाली, पण पदराला हात पुसत आत गेली. दादा गेल्यापासून तिने त्या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. सामान नसलेल्या खोलीत तिच्या पावलांचा आवाज मोठा आला. पडदा काढलेला होता, भिंतीवर भरपूर ऊन होतं, आणि त्या उन्हात ती पाठ अगदी स्वच्छ दिसत होती.

"माझ्या घरात," आई म्हणाली आणि थांबली. मग तिने एका दमात म्हटलं, "मला माझ्या घरात डागासारखं काहीतरी दिसतंय."

एवढं म्हणून तिने परत फिरायचं होतं. ती फिरली नाही.

"डावा खांदा," ती हळूच म्हणाली. "लहानपणी झाडावरून पडला होता, तेव्हापासून डावा खांदा खालीच असायचा त्याचा."

वहिनीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या बाजूला काहीच आलं नाही गं," आई म्हणाली. "कपाट सरकवलं, भिंत घासली, रोज दुपारी तिथे उभी राहते. काही नाही. आणि तुझ्याकडे तो रोज येतो."

मास्तरीण दारात उभी होती. एवढे दिवस आई सुनेला घराबाहेर काढायला का टपली होती, पांढरे पाय, पाळी, पाट्या हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते तिला आत्ता कळलं. आईला खोली हवी होती. ती भिंत हवी होती. मास्तरणीला स्वतःच्या शहाणपणाची शरम वाटली आणि आईची इतकी कीव आली की तिने दाराची चौकट घट्ट धरून ठेवली.

वहिनी थोडी बाजूला सरकली. "इथून बघा, आई," ती म्हणाली. "इथून मान दिसते."

आई गुडघ्यांवर हात ठेवत कष्टाने खाली बसली. दोघी शेजारी शेजारी बसून बघत राहिल्या. बाहेर गवंड्याने घसा खाकरला, मास्तरणीने त्याला हातानेच थांब म्हणून खुणावलं. कुणी रडलं नाही. वहिनीला खोकल्याची मोठी उबळ आली, ती वाकली, आणि आईचा हात आपोआप तिच्या पाठीवर गेला, वरून खाली फिरत राहिला.

"तो नाही वळायचा, पोरी," आई म्हणाली. "रुसला की मी हाका मारून मारून दमायची, नाही वळायचा. तू वाट बघत मरशील आणि तो तसाच राहील. ऊठ."

वहिनी उठली नाही लगेच. मग तिने कप आईच्या हातात दिला, भिंतीला एकदा हात लावला, आणि उठली. आईने तिचा दंड धरला. दोघी अंगणात येऊन उन्हात ठेवलेल्या खाटेवर बसल्या, वजनकाट्यांच्या ओळीसमोर.

आतून छिन्नीचे घाव ऐकू येऊ लागले तेव्हा वहिनीने कानांवर हात घेतले, पण ती पुन्हा आत गेली नाही. दुपारी गवंडी मास्तरणीला आत बोलावून घेऊन गेला. त्याने गिलावा काढला होता, विटाही काढल्या होत्या. पलीकडे स्वयंपाकघर दिसत होतं. डागामागच्या तेवढ्या विटा ओल्या चिंब, आणि त्यांना चिकटलेल्या बाकीच्या कोरड्या ठणठणीत. या भिंतीतून नळ जात नाही, पाईप नाही, छत गळत नाही. "ओल कुठून आली ते मला सांगता येणार नाही," गवंडी म्हणाला, आणि त्याने हात पँटला पुसले. मास्तरणीला कारण ऐकायचं होतं आणि कारण नव्हतं.

खरवडलेलं सगळं पोत्यांत भरून टेंपोत घातलं. ते टाकायला गवंडीच जाणार होता, पण आई म्हणाली मी येणार, आणि वहिनी तर आधीच टेंपोत जाऊन बसली. गावाबाहेर पडक्या बांधकामांचा राडारोडा टाकतात तिथे ते गेले. वाटभर आईचा हात एका पोत्यावर होता. तिथे पोहोचल्यावर वहिनीने ते पोतं स्वतः सोडलं, स्वतः पालथं केलं. हिरवट भुकटी वाऱ्याने थोडी उडाली. गवंड्याने नाकाला रुमाल लावला. त्या दोघींनी लावला नाही.

मग गवंड्याने नवी भिंत घातली आणि घर बंद करून तिघी मास्तरणीच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या. तिथे दाटीवाटी होती. आई मास्तरणीच्या स्वयंपाकघरात नाकं मुरडत होती आणि वहिनी दिवसभर झोपत होती. औषध आता लागू पडत होतं. खोकला रोज थोडा कमी ऐकू येई. दोघी एकाच पलंगावर झोपत. सकाळी मास्तरीण चहा द्यायला जाई तेव्हा वहिनी आईकडे तोंड करून झोपलेली असे. मास्तरणीला वाटलं, सुटलो.

आठवड्याने त्या परत आल्या. आभाळ भरून आलं होतं, दिवस मावळायला टेकला होता. सामान अजून अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली ताडपत्रीत होतं. मास्तरणीने दार उघडलं, घरातून चुन्या-सिमेंटचा वास आला. कायद्याप्रमाणे आता एकदा बघणं उरलं होतं: बघणाऱ्याने जायचं, बघायचं आणि सांगायचं. त्याने शब्द उच्चारेपर्यंत भिंतीवर काहीही असो, ते नसल्यातच जमा. दोघी उंबऱ्याशी थांबल्या. आत अंधारून आलं होतं. आईने दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"नको," मास्तरीण म्हणाली.

"दिसणार कसं?"

"अंधाऱ्या घरात डाग शोधायला खिडकी उघडायची नाही, असं त्यांनी ठरवलेलं आहे. आहे तेवढ्या उजेडात दिसलं तर दिसलं."

ती एकटी आत गेली. खोली रिकामी होती. नवी भिंत करड्या रंगाची, गुळगुळीत, अजून पुरती न वाळलेली. ती तिच्यासमोर उभी राहिली. तिला काही दिसलं का? दिसल्यासारखं झालं. डाव्या हाताला, खाली झुकलेल्या खांद्याच्या जागी, सिमेंट जरा गडद होतं. ओला गिलावा असा जागोजागी गडद राहतो. ती दोन पावलं पुढे गेली असती किंवा हात लावून पाहिला असता तर तिला कळलं असतं. ती गेली नाही, आणि तिने हात लावला नाही.

ती मागे वळली. दारात दोघी उभ्या होत्या, एकमेकींचा हात धरून, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर तिने भीती शोधली. भीती नव्हती. दोघी तिच्याकडे आशेने बघत होत्या. आला असेल, अशी आशा. तिने फक्त शब्द काढायचा अवकाश, दोघी पुन्हा येऊन त्या भिंतीसमोर बसल्या असत्या, या वेळी शेजारी शेजारी.

दादाला हसवताना तिने एक शब्द काढला होता. आज दुसरा काढायचा होता, आणि तो काढला की दादा या घरातून पुरता जाणार होता.

"साफ आहे," ती म्हणाली.

"नीट बघितलंस?" आईने विचारलं.

"होता तेवढ्या उजेडात बघितलं."

आई रडायला लागली, दादा गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने. वहिनीने तिला धरलं, तिच्या पाठीवरून वरून खाली हात फिरवत राहिली, आणि भिंतीकडे न बघता म्हणाली, "पाऊस येईल. सामान आत घेऊ या."

पहिल्यांदा तिने तो कान तुटलेला कप आणून खिडकीत ठेवला. मग गाद्या आल्या, डबे आले, खाट आली आणि ती आईच्या खोलीत गेली. काळोख वाढत गेला, त्या उंबऱ्यांना ठेचकाळल्या, एकमेकींवर आपटल्या. दिव्याचं बटण कुणी दाबलं नाही. सगळं घर तिघींनी अंधारातच आत आणलं.